बिनपैशाचं बिन

फेब्रुवारी

काउन्सिलचं पत्र आलं. मार्चपासून तपकिरी बिनला पैसे पडणार. वर्षाचे ६२ पौंड, दोन आठवड्यांतून एकदा रिकामं करणार, ऐन हिवाळ्यात बंद. खाली ठळक अक्षरांत : ही सेवा ऐच्छिक आहे.

हा शब्द मी पहिल्यांदा साताऱ्याला शाळेत ऐकला. बाई चांगल्या होत्या, मायेनेच म्हणाल्या, "कवायत तुला ऐच्छिक." डाव्या पायात हाजी अलीच्या संस्थेतून बनवून आणलेला कॅलिपर होता : पोलादी सळ्या, चामड्याचे पट्टे, खाली काळा बूट. मला इच्छा आहे का, हे कोणी विचारलं नाही. मी मैदानाच्या कडेला सगळ्यांची दप्तरं राखत बसायचे.

०

ही वही शेवटी ताईच वाचणार, म्हणून तिच्यासाठी : इंग्लंडात घरटी तीन-चार उंच, चाकं लावलेले डबे असतात. त्यांना सगळे बिनच म्हणतात, आपली मराठी माणसंसुद्धा. आमच्या गावात काळ्यात उरलासुरला कचरा, निळ्यात कागद, काच आणि डबे, तपकिरीत बागेतलं : गवत, फांद्या, पाचोळा. रंग गावोगाव बदलतात, शेजारच्या गावात तपकिरीचं काम हिरवं करतं. तपकिरी २४० लिटरचं. ओलं गवत काठोकाठ भरलं की धडधाकट माणसाचीही कंबर धरते.

आणि टिप. घरात नको झालेलं सगळं स्वतःच्या गाडीतून नेऊन टाकायची सरकारी जागा, तिला इथे टिप म्हणतात. टीप आणि टिपण माझ्या वाट्याला आलं, टिप शेजाऱ्याच्या.

आजवर तपकिरी फुकट होतं. बिनपैशाचं बिन. आता काळं-निळं तेवढं बिनपैशाचं राहिलं.

०

आमच्या ह्यांनी १९८६ साली मागच्या हद्दीला प्रिव्हेट लावली. आपल्याकडच्या मेंदीच्या कुंपणाची गोरी चुलत बहीण. मेंदीसारखीच कापली की चेवाने वाढते. हे होते तोवर वर्षातून तीनदा कात्री चालायची, ढीग मी मोजायचे. आता ताशी पैसे देऊन एक मुलगा बोलावते. तो कापतो आणि निघून जातो. कापलेलं न्यायचं असेल तर जास्त पैसे मागतो, आणि त्याचं बरोबरच आहे : धंद्यातून आलेला कचरा घरगुती टिपवर टाकता येत नाही, त्यालाही तो टाकायला पैसे पडतात.

म्हणजे कापण्याचे पैसे आहेतच. शेजाऱ्याला ते नाहीत. तो स्वतः कापतो.

०

कायदा काढून बसले. नोकरीतली खोड.

१९९० चा पर्यावरण संरक्षण कायदा, कलम ४५ : घरातला कचरा नेणं हे काउन्सिलचं काम, आणि नियमांत सांगितलेले अपवाद सोडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. अपवादांची यादी वेगळ्या नियमांत आहे, सध्याचे नियम २०१२ चे. यादी वाचण्यासारखी आहे. २५ किलोपेक्षा जड वस्तू. बिनमध्ये न मावणारी वस्तू. मेलेलं पाळीव जनावर. आणि त्याच पंक्तीत, बागेतला कचरा.

यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते कळतं. या गोष्टी काही रोज सगळ्यांच्याच घरात निघत नाहीत. ज्याच्या घरात निघतील त्याने बघावं. मांजर एकदाच मरतं. प्रिव्हेट मरत नाही.

कायद्यात दुसरं एक कलम आहे, ५१. लोकांना घरचा कचरा स्वतः आणून फुकट टाकता येईल अशी ठिकाणं ठेवली पाहिजेत. तीच टिप. पत्रातल्या 'ऐच्छिक'चा सगळा डोलारा या कलमावर उभा आहे. पैसे द्यायचे नसतील तर टिप आहेच की! एक दार बंद केलं, दुसरं उघडं ठेवलं. दुसऱ्याला पायऱ्या आहेत.

०

पायऱ्या खरोखरच आहेत. आमची टिप जुन्या पद्धतीची. लोखंडी पेट्या जमिनीवर, माणसाएवढ्या उंच, आणि वर जायला लोखंडी जिना. वर चढायचं आणि पिशवी आत उलटी करायची. नव्या टिप बांधतात तिथे गाडीचा रस्ता वर आणि पेट्या खाली असतात, तिथे बरं पडत असेल. प्रवेशाला उंची मोजणारी आडवी दांडी. व्यापाऱ्यांच्या व्हॅन अडवायला लावलेली, पण व्हीलचेअरसकट माणूस चढेल अशी उंच गाडी असली तर तीही अडते, मग आधी परवाना काढा. चालत येणाऱ्याला प्रवेश नाही. सुरक्षिततेसाठी.

कोविडपासून वेळ आधी ठरवूनच जावं लागतं. संगणकावर फॉर्म.

०

मार्च

फॉर्म भरायला बसले. पहिला प्रश्न : वाहनाचा नंबर.

गाडी मी चार वर्षांपूर्वी विकली. पोलिओ एकदा येऊन जातो असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. तो तीस-चाळीस वर्षांनी परत हिशेबाला येतो हे इथल्या डॉक्टरने सांगितलं. पोस्ट-पोलिओ. जे स्नायू इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम करत होते ते थकतात. माझे खांदे गेले. आता माझ्याकडे स्कूटर आहे : बसून चालवायची, बॅटरीवरची, पदपथावर ताशी चार मैल. या स्कूटरला नंबर नसतो. ताशी आठ मैलवालीची नोंदणी करावी लागते, हिची नाही.

कायद्यात या वाहनाचं नाव अजून 'इनव्हॅलिड कॅरेज' आहे. १९८८ चे नियम. ते मोटार-वाहन धरायचं नाही असं कायदाच सांगतो.

काउन्सिलला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, टिप आमच्याकडे नाही, काउंटीकडे आहे. खरंच आहे, मी विसरलेच. आमच्यासारख्या दुमजली कारभाराच्या भागात कचरा गोळा करणं खालच्या, म्हणजे आमच्या जिल्हा काउन्सिलकडे आणि तो संपवणं वरच्या काउंटीकडे. पैसे लावणारं एक ऑफिस, 'तिकडे जा' म्हणून बोट दाखवतात ते दुसरं. काउंटीला फोन. तिथला मुलगाही गोड.

"नंबर नाही म्हणजे तुम्ही पायी येणार का?"

"पायी नाही. स्कूटरवर."

"मग स्कूटरचा नंबर?"

"तिला नंबर नसतो. ती गाडी नाही."

"म्हणजे पायी." थोडं थांबून, "पायी येता येत नाही."

"तेच तर सांगतेय बाळा," मी मराठीत म्हटलं, आणि इंग्रजीत त्याचे आभार मानले.

०

शेजारी. निवृत्त बसचालक, चौऱ्याहत्तर वर्षांचा, तब्येत ठणठणीत. पत्र त्यालाही आलं. त्याने कुंपणावरून सांगितलं, मी एक पैसा देणार नाही, आपण टिपवर जाणार, आणि तुझंही नेईन, कशाला काळजी करतेस.

त्याने खरंच नेलं. पाच वेळा. त्याच्या गाडीच्या डिकीत निळी ताडपत्री असते, तिच्यावर माझ्या तीन पिशव्या. परत आला की रिकाम्या पिशव्या घडी करून दाराशी ठेवतो. मी बेसनाचे लाडू देते. एकदा लिंबाचं लोणचं दिलं, ते त्याने टोस्टवर लावून खाल्लं.

सहाव्या वेळी पिशव्या भरून तयार होत्या आणि मी त्याला सांगितलंच नाही. त्याच्या नातवंडांची सुट्टी होती. पिशव्या शेडमागे ठेवल्या. गवत पिशवीत तिसऱ्या दिवशी तापतं, पाचव्या दिवशी वास मारतं, आठवड्याने त्याचं काळं पाणी होतं. मिंधेपणाला असा वास असतो हे मला माहीत नव्हतं.

त्याला कळलं तेव्हा तो रागावला. सांगायचं नाही का? त्याचं बरोबर होतं. माझंही होतं. त्याच्या हिशेबात ६२ पौंड वाचले. माझ्या हिशेबात लाडू आहेत, त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी आहे, त्याच्या ब्रेक्झिटवरच्या मतांना मान डोलावणं आहे, आणि पाऊस असला की 'आज नको हो जाऊ' असं आपणच आधी म्हणणं आहे. पत्रात या सेवेचा दर छापलेला नाही.

०

आता गंमत. असिस्टेड कलेक्शन नावाची एक सोय आहे, आणि ती चांगली सोय आहे, मनापासून सांगते. ज्यांना बिन रस्त्यापर्यंत ढकलता येत नाही त्यांच्या दाराशी कचरागाडीवरची माणसं स्वतः येतात, बिन नेतात, रिकामं करून जागच्या जागी ठेवतात. पैसे नाहीत. एक फॉर्म भरला की झालं. माझं काळं आणि निळं असंच जातं. त्यातला एकजण दारावरून हाक मारतो, मी पडद्यातून हात हलवते.

तपकिरीलाही ही सोय लागू आहे. मात्र आधी ६२ पौंड. दारापासून रस्त्यापर्यंतचे वीस फूट फुकट. रस्त्यापासून टिपपर्यंतचे चार मैल विकत. मला जमत नाहीत ते दोन्ही.

०

समानता कायदा, २०१०. कलम २० मध्ये अपंग माणसासाठी 'वाजवी फेरबदल' करण्याची जबाबदारी सांगितली आहे, आणि त्याच कलमात एक छोटं पोटकलम आहे : या फेरबदलाचा खर्च त्या माणसाकडून वसूल करायचा नाही. वाचलं तेव्हा वाटलं, सापडलं! उतरवून काढलं, पत्र लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर. सभ्य. आशय असा, की बागेतला कचरा नेणं हा फेरबदल नाही, ती सगळ्यांना सारख्या दरात मिळणारी सेवा आहे. फेरबदल म्हणजे असिस्टेड कलेक्शन, आणि ते फुकटच देतो.

मी वकील नाही, पण उत्तर लिहिणाऱ्याच्या डोक्याला मी दाद दिली. फेरबदल कशातला, हे कोण ठरवणार, तिथेच सगळं आहे. त्याच्या मते गोष्ट सुरू होते बिनपासून. माझ्या मते ती सुरू होते कापलेल्या फांदीपासून. फांदी घराबाहेर जायला दोन वाटा होत्या, एक फुकट आणि एक विकत. फुकट वाटेवर माझ्यासाठी काय फेरबदल केला?

हे मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. त्याचं उत्तर यायचं आहे.

०

सवलत आहे. काउन्सिल टॅक्स सपोर्ट घेणाऱ्यांना निम्मा दर. म्हणजे उत्पन्न कमी असणाऱ्यांना. ह्यांचं पेन्शन धरून माझं उत्पन्न त्या रेषेच्या जरा वर जातं. सवलतीच्या पानावर अपंग हा शब्द कुठेच नाही. खिसा मोजतात, खांदा मोजत नाहीत.

खांदा मोजणारं दुसरं खातं आहे, तिथली माझी गोष्ट अशी. १९९२ मध्ये अपंगांसाठी एक भत्ता निघाला, त्यात हिंडण्याफिरण्याचा वेगळा भाग होता. तो भाग पुरेशा वरच्या दराने मिळाला की त्यातून मोटेबिलिटी योजनेखाली गाडी भाड्याने घेता येते. मी नोकरी करत होते, स्वतःची ऑटोमॅटिक गाडी चालवत होते. मागायची लाज वाटली. आपण काय अगदी तसे आहोत का, असं हे म्हणाले आणि मलाही तसंच ऐकायचं होतं. पुढे २०१३ मध्ये त्या भत्त्याच्या जागी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट आलं. पेन्शनीचं वय उलटल्यावर तेही नव्याने मागता येत नाही. मग मिळतो अटेंडन्स अलाउन्स. मला तो मिळतो, खालच्या दराचा. त्यात हिंडण्याफिरण्याचा भागच नाही. सरकारी गृहीत असं, की म्हातारपणी कुठे जायचंय.

टिपवर जायचंय.

०

स्कोप ही इथली अपंगांसाठी काम करणारी मोठी संस्था. तिने २०२३ साली काढलेला हिशेब : अपंग माणूस असलेल्या घराला इतरांसारखंच राहायला महिन्याला सरासरी ९७५ पौंड जास्त लागतात. वीज, उष्णता, टॅक्सी, उपकरणं, मदतनीस. त्यापुढे वर्षाचे ६२ म्हणजे किस झाड की पत्ती. काउन्सिलच्या बैठकीत कोणीतरी असंच म्हटलं असणार, आठवड्याला सव्वा पौंडही नाही, एका कॉफीपेक्षा स्वस्त.

पण ९७५ ही रक्कम काही एका पत्रातून येत नाही. ती अशाच पत्रांतून येते.

०

एप्रिल

काउन्सिलच्या बैठकीची कागदपत्रं संगणकावर मिळतात. फीच्या ठरावासोबत समानता-परिणामाचा तक्ता जोडलेला सापडला. नऊ रकाने, कायद्याने जपलेली नऊ वैशिष्ट्यं : वय, अपंगत्व, वंश, धर्म अशी. अपंगत्वासमोर लिहिलं होतं : विशेष परिणाम नाही. सेवा ऐच्छिक आहे. असिस्टेड कलेक्शन उपलब्ध.

ही वाक्यं मी ओळखते. माझी आहेत.

म्हणजे अक्षरशः हीच नसतील. पण २०१२ साली मी दुसऱ्या एका गावच्या काउन्सिलमध्ये लेखा विभागात होते. सरकारी अनुदान कापलं जात होतं, दर आठवड्याला कुठलं ना कुठलं खातं वाचवायला नव्या फीचा प्रस्ताव. आदल्याच वर्षी, एप्रिल २०११ पासून, सगळ्या सरकारी संस्थांना कायदा लागू झाला होता की निर्णय घेताना समानतेची नीट दखल घ्या. दखल घेतल्याचा कागद हवा, म्हणून तक्ता आला. बागेच्या कचऱ्याच्या फीचा तक्ता माझ्याकडे आला. साहेब म्हणाले, तू भर, तुला कळतं त्यातलं. ते माझ्या पायाकडे बघून म्हणाले नव्हते, पण मी बघितलं माझ्या पायाकडे.

शेजारच्या काउन्सिलचा तक्ता मागवला, त्यांनी आधीच फी लावली होती. त्यातलं वाक्य उचललं. त्यांनीही कुठून तरी उचललं असणार. चार वाजता संपवलं, साडेपाचला गाडीत बसून घरी आले. ह्यांनी त्या दिवशी प्रिव्हेट कापली होती, पिशव्या डिकीत भरून ठेवल्या होत्या, सकाळी टिपवर गेले.

मी त्या रकान्यात खोटं लिहिलं नाही. मला त्यात काही दिसलंच नाही. टेबलाखाली कॅलिपर होता, घरी नवरा होता, दारात गाडी होती. रकान्यात अपंगत्व असं लिहिलेलं, आणि मला वाटलं अपंगत्व म्हणजे पाय.

फी मंजूर झाली. आमच्या खात्याने तेव्हा केक आणला होता.

०

मैत्रीण, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, काउन्सिलच्या भाड्याच्या घरात राहते. भाडेकरारात कलम आहे, बाग नीटनेटकी ठेवावी. ठेवली नाही तर पत्र येतं, तिला एकदा आलं. कापून ढीग केला तर ढिगाबद्दल पत्र. तिने शेवटी पुढची बाग पूर्ण फरशीने झाकून घेतली, मागे प्लास्टिकचं गवत. परवानगी काढावी लागली : ऑक्टोबर २००८ पासून पुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायची तर परवाना लागतो, कारण पाऊस मग सगळा गटारात जातो आणि गावात पूर येतो.

एकीकडे पाणी मुरवा म्हणून कायदा, दुसरीकडे हिरवं ठेवलं की बिल.

तिच्या फरशीवर एक कुंडी आहे. जिरेनियम. वाळकी पानं ती काळ्या बिनमध्ये टाकते, वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरून. काळ्यात बागेचं टाकायला बंदी आहे. बागकाम हे औषध म्हणून वापरणाऱ्या संस्था इथे आहेत, लंडनच्या बॅटरसी पार्कात थ्राइव्ह नावाच्या संस्थेची त्यासाठी खास बाग आहे, डॉक्टर लोक तिकडे जा म्हणतात. तिला तर घराबाहेर पडायचीही गरज नव्हती.

०

आंधळा मित्र (तो स्वतःला आंधळाच म्हणवतो) : ६२ पौंड हा दर ऑनलाइन भरणाऱ्याला. त्याचं वाचणारं सॉफ्टवेअर त्या पानावर अडकतं. फोनवरून भरलं, पाच पौंड जास्त. "न दिसण्याची फी," म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही.

०

शब्दावरून आठवलं. ताईने फोनवर सांगितलं, आता अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं. महाराष्ट्रात २०२२ साली त्या नावाचं स्वतंत्र खातंच निघालं. म्हटलं, दिव्य असते तर पिशव्या उडवत नेल्या नसत्या का टिपवर?

ताईला हे प्रकरणच कळत नाही. "पानांचे पैसे?" आमच्या साताऱ्याच्या परसात पाचोळा हा कचरा नव्हताच. आई झाडून आंब्याच्या बुंध्याशी लोटायची. फांद्या बंबात. शेजारच्या शेळीला कोवळं ते. इथे बंब नाही, शेळी नाही, आणि बागेत पेटवलं तर धूर शेजारणीच्या धुतलेल्या कपड्यांवर.

तिच्या सोसायटीतही माळी फांद्या गेटबाहेर ठेवतो. पुढे त्यांचं काय होतं, तिला ठाऊक नाही. विचारते म्हणाली.

०

'घरच्या घरी खत करा.' पत्रकात चित्र आहे : हसरी बाई, हातात दाताळं, पुढे काळा पिंप. चांगली गोष्ट आहे, केलंय आम्ही. पण खत दर दोन-तीन आठवड्यांनी खालीवर करावं लागतं, आणि ओलं खत उलटणं म्हणजे चिखलात वल्हं मारणं. खांद्याचं काम. वर, गुलाबाच्या काटेरी फांद्या आणि प्रिव्हेटचं लाकूड त्यात वर्षानुवर्षं तसंच बसतं. सेवा नको असलेल्यांसाठीचा प्रत्येक पर्याय अंगात ताकद असलेल्यांसाठी आहे, हे पत्रक काढणाऱ्याला सुचलं नसेल. मला तरी २०१२ साली कुठे सुचलं होतं?

०

बुधवार हा बिनचा दिवस. आमच्या रस्त्यावर सकाळी पदपथावर ओळीने बिन उभी. मला स्कूटर घेऊन औषधाला जायचं तर बिनच्या आणि भिंतीच्या मधून वाट नसते, उतरून रस्त्यावर जावं लागतं, आणि पदपथाची उतरती कड येईपर्यंत परत वर येता येत नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याचे हाल मी सांगत नाही.

बर्मिंगहॅम आठवतं. तिथे २०१४ मध्ये बागेच्या कचऱ्याला वर्षाला ३५ पौंड फी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या काउन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे पैसे संपले, गरजेपलीकडे नवा खर्च नाही. मार्च २०२५ मध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. काळ्या पिशव्यांचे ढीग पदपथावर. टीव्हीवर सगळे उंदीर दाखवत होते. मी ढिगाच्या कडेला किती फूट जागा उरली ते बघत होते.

०

इथल्या केंद्र सरकारला एकदा वाटलं होतं, बागेचा कचरा सगळ्यांचा फुकट न्यावा. २०१८ च्या धोरणात तसा विचार मांडला, २०२१ मध्ये लोकांची मतं मागवली, २०२३ मध्ये ठरलं : काउन्सिलला पैसे घ्यायचे तर घेऊ द्या. एवढंच.

०

रात्री झोप आली नाही म्हणून दुसऱ्या बाजूने विचार केला, तो लिहून ठेवते.

पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला बाग नाही. तिच्या टॅक्समधून माझ्या गुलाबाच्या काड्या का न्यायच्या? तिच्याकडेही व्हीलचेअर असेल. तिच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडत असेल. काउन्सिलकडे एकच थैली आहे आणि माझ्यासारख्यांच्या बाकीच्या सोयीही तिच्यातूनच चालतात. माझ्या फांद्या फुकट नेल्या तर दुसऱ्या कोणाची तरी सोय कापतील. हा हिशेब मी आयुष्यभर मांडला, तो मला खोटा म्हणता येणार नाही.

सगळ्यांना फुकट द्या असं मला म्हणायचंच नाही. सगळ्या अपंगांनाही नको. आमच्या गल्लीत एक पाय नसलेले गृहस्थ आहेत, मोठी गाडी, दोन मुलं, त्यांना टिपचं काही वाटत नाही. मला एवढंच हवंय, की तक्त्यातल्या त्या रकान्यात एक प्रश्न टाका : ज्या माणसाला फुकट वाटेने जाताच येत नाही, त्याला विकत वाट ऐच्छिक आहे का? हो किंवा नाही. खाली सही.

०

मे

दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं. पहिल्याचीच प्रत, तारीख बदलून.

०

शेजाऱ्याच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन. तो दवाखान्यात जाऊन येऊन थकलाय. आता माझ्या पिशव्या त्याला दिसूसुद्धा नयेत म्हणून मी शेडवर जुनी चादर टाकली आहे. दोन डबे शेवभाजी करून पाठवली. यावेळी तिच्या मोबदल्यात काही नाही, म्हणून चवही बरी झाली असावी.

६२ पौंड भरले. फोनवरून. ६७.

०

जून

पाकिटातून स्टिकर आला. पैसे भरलेल्या बिनला ओळख म्हणून तो लावायचा असतो, नाहीतर नेत नाहीत. सूचना : बिनच्या मागच्या बाजूला, मुठीखाली, पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा करून चिकटवावा. बिन भिंतीला पाठ लावून उभं. ते फिरवायचं, वाकायचं, पुसायचं. काठी एका हातात, स्टिकर दुसऱ्या हातात, फडकं तोंडात. वाऱ्याने स्टिकर माझ्याच कार्डिगनला चिकटला.

बुधवारी दारात बसून राहिले. हाक मारणारा तो माणूस आला. कार्डिगनकडे बघून म्हणाला, आज तुम्हालाच न्यायचं की काय? त्याने तो हळूच सोडवला, बाहीला पुसून बिनवर लावला. वाकडा लागला. अर्धा मुठीवर, अर्धा खाली. शेडमागच्या पिशव्याही त्याने विचारून घेतल्या, नियमात बसत नसताना. आणि बिन परत आणून ठेवलं ते तोंड भिंतीकडे, मूठ माझ्याकडे करून.